बाबांसाठी राखून ठेवलेले किलोमीटर

३ जानेवारी
गाडी आली. विकत नाही, लीजवर. विकत घेणारे भोळे. एक वर्ष, बारा हजार किलोमीटर. त्याच्या वर गेलं की दर किलोमीटरला दंड. सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. मी ऑफिसात प्लॅनिंग बघतो, मला कोण शिकवणार? महिन्याला हजार. संपला विषय.

बाबांनी काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, दादाकडे जायचं का? दादा म्हणजे माझे मोठे काका. एकशेचाळीस किलोमीटरवर राहतात. गुडघ्यांमुळे बाबांना बस जमत नाही, काकांना ऐकू येत नाही म्हणून फोन जमत नाही. चार वर्षं भेट नाही. मी तिथल्या तिथे तीनशे किलोमीटर बाबांच्या नावाने बाजूला काढले. असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

११ फेब्रुवारी
साहेबांची गाडी त्यांचा मुलगा नेतो. म्हणून आता रोज संध्याकाळी साहेबांना मी घरी सोडतो. आमच्या घराच्या बरोबर उलट दिशेला. पण बढतीची यादी एप्रिलमध्ये लागते.

बायकोला बाजारातून आणायला गेलो नाही. हे अनुत्पादक किलोमीटर असतात, असं तिला नीट समजावलं. ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ऐकत होती.

९ मार्च
साहेबांच्या कुत्र्याला डॉक्टरकडे नेलं. कुत्र्याला गाडी लागते. मागच्या सीटवर. साहेब म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. घेतलं नाही.

३० मार्च
जास्त झाले. तीन महिन्यांत सव्वातीन हजार. कुठे गेले कळत नाही. कडक उपाय: बायको बंद. बाबांनी काकांकडचं विचारलं. उन्हाळा संपू दे म्हणालो. त्यांचे तीनशे जसेच्या तसे आहेत हेही सांगितलं. खूश झाले असावेत.

२६ एप्रिल
यादी लागली. माझं नाव नाही. साहेब म्हणाले, पुढच्या यादीत नक्की. मग त्यांना घरी सोडलं.

२० जून
बाबांनी पुन्हा विचारलं. सर्व्हिसिंग तोंडावर आलंय, त्याआधी लांबचा प्रवास धोक्याचा. गाडीचं ज्यांना कळतं ते असं करत नाहीत. बाबा बरं म्हणाले. त्यांचा हा गुण मला आवडतो.

१४ जुलै
सहा महिने उलटले. पण दहा हजार कुठे झालेत? सहा महिन्यांची अट गाडी कशीही हाकणाऱ्यांसाठी असते. माझी गाडी लोण्यासारखी चालते. सर्व्हिसिंग पुढे ढकललं.

बायको म्हणाली, सर्व्हिसिंग करायचंच नाही तर बाबांना घेऊन जा. तिला मुद्दाच कळत नाही. सर्व्हिसिंग झालेलं नाही म्हणून तर जाता येत नाही.

५ सप्टेंबर
काकांच्या सुनेचा फोन. काका अंथरुणाला खिळलेत. दाराकडे बघत बसतात आणि बाबांचं नाव घेतात. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मलाही गलबलून आलं. ठरलं. येत्या रविवारी सकाळी निघायचं. जगबुडी झाली तरी.

७ सप्टेंबर, शनिवार
साहेबांना उद्या एक प्लॉट बघायचा आहे. गावाबाहेर बराच लांब. पुढची यादी ऑक्टोबरमध्ये लागते. नाही कसं म्हणणार?

८ सप्टेंबर
सकाळी खाली आलो तर बाबा बूट घालून खुर्चीत बसलेले. मांडीवर पिशवी, इस्त्रीचा शर्ट. मला बघून काठी घेऊन उठले. मी म्हणालो, पुढचा रविवार. त्यांनी बूट काढायला सुरुवात केली. नाडीची गाठ सुटेना. मला उशीर होत होता.

प्लॉट साहेबांना आवडला नाही. जाऊन-येऊन दोनशे साठ झाले. ते तात्पुरते बाबांच्या खात्यातून उसने घेतले. येताना डॅशबोर्डवर सर्व्हिसिंगचा लाल दिवा लागला. साहेब म्हणाले, तुम्ही फार बेफिकीर आहात.

११ सप्टेंबर
गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. ते म्हणाले, मुदत कधीच उलटून गेलीय, ऑइलचा चिखल झालाय, तीन दिवस लागतील. बाबांना म्हणालो, बघा, रविवारी गेलो असतो तर रस्त्यात अडकलो असतो. माझ्या दूरदृष्टीचं कुणी कौतुक केलं नाही.

१२ सप्टेंबर
काका गेले. पहाटे.

मी लगेच जाहीर केलं की आता किलोमीटरचा विचार करायचा नाही. कितीही होऊ देत. पण गाडी सर्व्हिस सेंटरला. टॅक्सीचं मी म्हणणार होतो, तेवढ्यात बायको बाबांना घेऊन बसस्टँडवर गेलीसुद्धा. त्यांना बसमध्ये चढवायला दोन अनोळखी माणसं लागली म्हणे. मी थांबलो. गाडीसाठी केव्हाही फोन येऊ शकतो, कुणीतरी हवंच.

ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

२१ ऑक्टोबर
यादी लागली. साहेबांच्या भाच्याला बढती. साहेबांना कंपनीची गाडी. संध्याकाळी मोकळा असतो. बायकोला म्हणालो, चल बाजारात सोडतो. ती चालत गेली.

२ जानेवारी
गाडी परत केली. वर्षाअखेर एक हजार नव्वद किलोमीटर शिल्लक! एक रुपया दंड नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, उरलेले बाद होतात, पुढे धरत नाहीत. धरू नका. शिस्त ती शिस्त.

घरी येऊन बाबांना मुद्दाम सांगितलं. ते हल्ली फारसे बोलत नाहीत, पण आज त्यांनी विचारलं, तेवढ्यात दादाकडे किती वेळा जाऊन येता आलं असतं? मी कागदावर मांडून दाखवलं. तीन वेळा आरामात. चौथ्यांदा जाणं होतं, येताना मात्र तीस किलोमीटर कमी पडतात.

बाबा म्हणाले, चौथ्यांदा मी परत आलोच नसतो, तिथेच राहिलो असतो.

हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. प्लॅनिंगमध्ये धरता आलं असतं.