पडद्याच्या मागची बाजू

शिरड शहापूर,
मार्गशीर्ष, शके १८७०

राजमान्य राजश्री साडूभाऊ सटवाजीराव यांना शिरडच्या संतरामाचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडं आम्ही दोघं आहोत तशी आहोत. तिकडं उमरखेडला तुम्ही सगळे बरे असाल, अशी नागनाथाच्या भरवशावर समजूत करून घेतो. तुमचा गुडघा कसा आहे? (गुडघा धरला म्हणून तुम्ही आमच्याकडं तुरीच्या शेंगा खायला आला नाहीत, पण कुस्त्यांच्या फडाला मात्र पहिल्या रांगेत होतात, हे गोजरबाईंच्या निरोपातून इकडं कळलेलं आहे.) गाय व्याली का? आमच्या सोनाजीचं अजून काही कळलं नाही. फौज आली, निजामाचं राज्य गेलं, नदीपलीकडच्या कॅम्पातून निजामाशी लढणारी पोरं एकेक करून आपापल्या घरी आली, आपला तेवढा आला नाही. तुम्हाला हे ठाऊकच आहे. पण प्रत्येक पत्राच्या वेळी त्याची माय मंजुळाबाई जवळ येऊन विचारते, "त्याचं लिवलं का?" म्हणून लिहिलं.

आता तुमच्या प्रश्नाकडं वळतो. लालसिंगाचा सिनेमाचा तंबू वसमतहून कळमनुरीला आणि तिथून तुमच्या उमरखेडला येतोय, तर खेळ पाहण्यासारखा आहे का, असं तुम्ही विचारलंत. अगदी योग्य माणसाला विचारलंत. तो खेळ मी दोन वेळा पाहिलेला आहे, एकदा निजामाच्या राज्यात आणि एकदा आत्ता, राज्य गेल्यावर. त्यामुळं या विषयात माझ्याइतका जाणकार पूर्णा नदीच्या या काठावर तरी दुसरा नसावा. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, जाऊ नका.

पहिल्या वेळी तंबू आला तेव्हा सोनाजी माझ्याबरोबर होता. सिनेमा राजकारणाचा होता, म्हणजे एक जुलमी राजा, डोंगराखालचं एक गाव, एक म्हातारी आणि तिचा एकुलता एक पोरगा. पण हे मला आत्ता कळलं, त्या वेळी काहीच कळलं नव्हतं. कारण दुपारीच पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी एकट्यानं खुर्चीत बसून सगळा खेळ बघितला होता आणि राजाविरुद्ध कोणी बोट जरी उचललं की त्यांनी छडी उचलायची आणि लालसिंगाच्या माणसानं तेवढा तुकडा कात्रीनं कापायचा, असं चाललं होतं. मग उरलं काय? राजा जेवतो, राजा हत्तीवर बसतो, राजा नाच बघतो आणि एकदम राजा मरतो. कशानं मेला ते समजायला मार्ग नाही. (आमच्या आळीत अजून म्हणतात, पटकीनं गेला.) मध्येच एका पोराला फाशी देतात. फाशीला अमीनसाहेबांची हरकत नव्हती, ती त्यांनी पूर्ण ठेवली होती. पोराचा गुन्हा मात्र कापलेला, त्यामुळं माझी अशी समजूत झाली की तो राजाच्या पंगतीतून न जेवता उठला असावा. आणि एक म्हातारी अधूनमधून येऊन रडून जायची. ती कोण, कशाला रडते, कोणालाच कळलं नाही. मी तिला राजाची दाई समजलो होतो.

परतताना सोनाजी बैलगाडीत पोट धरून हसत होता. मग एकाएकी हसायचा थांबला आणि म्हणाला, "बाबा, गुन्हा कापला अन् फाशी ठिवली. आपल्याकडं असंच चालून राहिलं की." मी म्हटलं, "गप बस, बैल ऐकून राहिले." तेव्हा तो पुन्हा हसला. त्याच साली पावसाळा सरताना तो पैनगंगा ओलांडून, निजामाच्या हद्दीबाहेर, तुमच्या दारात येऊन उभा राहिला. पुढचं तुम्ही जाणताच, कॅम्पात गेला तरी आठवड्याला एकदा तुमच्याच ताटावर बसायचा आणि डाव्या हातानं जेवतो म्हणून गोजरबाईंच्या शिव्या खायचा.

आता दुसरी वेळ. लालसिंग हा काही फेकून देणाऱ्यातला माणूस नाही. अमीनसाहेबांनी कापलेले सगळे तुकडे त्यानं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. राज्य बदललं तसे त्यानं ते बाहेर काढले, पण कुठला तुकडा कुठून निघाला होता याची आठवण कोणाला असणार? त्यानं ते सगळे एकापुढं एक चिकटवून सिनेमाच्या शेपटीला लावून दिले. म्हणजे असं होतं बघा, पोराला फाशी होते, राजा मरतो, त्याला जाळतात, लोक गुलाल उधळतात, आपण उठून धोतर झटकतो आणि इतक्यात फाशी गेलेला पोरगा डोंगर उतरून येतो! गावाला गोळा करतो, मेलेल्या राजाला आव्हान देतो, आईच्या हातची भाकरी खातो आणि सगळ्यात शेवटी दारात उभा राहून तिला हात करतो, की दिवे लागतात. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वसमतचे एक मास्तर उभे राहून म्हणाले की ही गोष्ट सांगायची रीत नव्हे. पण साडूभाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो, मला ती रीत पटली. आधी फाशी उरकून घ्यावी आणि मग पोराला घरी पाठवावं. गोष्टी सांगणाऱ्यांना हे सुचायला पाहिजे होतं, ते एका तंबूवाल्याच्या गबाळेपणानं झालं. मी अंधारात रडलो. शेजारच्यानं विचारलं तर म्हटलं, दिव्याचा धूर डोळ्यात गेला. (इंजिनावर चालणारे विजेचे दिवे होते. त्यांना धूर कुठला?)

पण माझी मुख्य तक्रार या सिनेमाबद्दल नाहीच. तक्रार आहे त्याच्या आधी दाखवतात त्या बातम्यांच्या तुकड्याबद्दल. त्यानं माझ्या घरात भांडण लावून दिलं आहे. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं तंबूच्या मधोमध पडदा टांगतात, पुढच्या बाजूला गडीमाणसं आणि मागच्या बाजूला बायाबापड्या. पडद्यावर पाणी शिंपडलं की चित्र पलीकडंही तेवढंच स्वच्छ दिसतं, फक्त उजव्याचं डावं होतं. मंजुळाबाई जन्मात पहिल्यांदा सिनेमाला आली होती. मीच नेली. घरात नुसती उंबऱ्याकडं बघत बसते म्हणून. तर बातम्यांत हैदराबादेची मिरवणूक दाखवली, फौज आल्यानंतरची. गर्दीच गर्दी, आणि एका लॉरीवर झेंडा धरून उभा असलेला एक पोरगा. झेंड्याच्या कापडानं त्याचं अर्धं तोंड झाकलेलं. क्षणात लॉरी निघून गेली. आणि पडद्यामागून हंबरडा आला, "माहा सोना! अगं बाई, माहा सोना हाय त्यो!"

सगळा तंबू उठला. मी मागं धावलो तर ती बायांच्या घोळक्यात उभी, हसून राहिली आणि रडूनही राहिली. म्हणाली, "डाव्या हातात झेंडा व्हता. तुमी बघितलं न्हाई का?" मी बघितलं होतं. पुढून तो झेंडा उजव्या हातात होता.

घरी येऊन मी तिला पुष्कळ समजावलं. आरसा आणला, तिच्या हातात लाटणं दिलं आणि दाखवलं की, बाई गं, मागून सगळं उलटं दिसतं, तसं हे. ती आरशात बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्या आरशात उलटी दिसून राहिले, म्हून काय दुसरी बाई झाले का?" मी म्हटलं, मी सरळ बाजूनं बसलो होतो. ती म्हणाली, "तुमालाच उलट्या बाजूला बसवलं असंल." तो लहान असताना जेवायच्या वेळी ती त्याचा डावा हात पदरानं बांधून ठेवायची, पंगतीत लोक हसतील म्हणून. आता रोज त्याचं ताट वाढते, पाण्याचा तांब्या ताटाच्या डाव्या अंगाला ठेवते आणि म्हणते, "आता येऊ दे, कंच्या बी हातानं जेवू दे."

तात्पर्य, सिनेमा बघण्यासारखा नाही, बातम्या तर मुळीच नाहीत. तंबूत डास आहेत आणि तुमच्या गुडघ्याला जमिनीवर बसणं सोसायचं नाही. घरीच शेकत पडा. गोजरबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
संतराम

ता. क. पत्र बांधून ठेवलं होतं, पुन्हा सोडलं. त्या दिवशी सिनेमाच्या नावाची अक्षरं आम्हा पुढच्या लोकांना उलटी दिसली होती, हे लिहायचं राहिलं. (वाचता येणारे सगळे पुढं आणि सरळ अक्षरं मागं, जिथं एकीलाही वाचता येत नाही. उर्दू शाळेतले एक म्हातारे कारकून तेवढे उजवीकडून वाचत गेले आणि म्हणाले, नीट तर आहे.) नंतर मी मशीनवाल्याला गाठलं. तो म्हणाला, नावाची रीळ उलटी लागली होती खरी. बातम्यांची उलटी होती की सुलटी, ते त्याला आठवत नाही. म्हणजे ही उलट्या बाजूला बसवल्याचं म्हणाली, तसं असूही शकतं.

ता. क. दुसरा. तर साडूभाऊ, तंबू आला की सिनेमाला जा. पहिल्या दिवशीच जा. गुडघ्याला एरंडाचं पान बांधा, पण जा. आधी पुढून बघा, दुसऱ्या दिवशी बायांची माफी मागा आणि पडद्यामागून बघा. मिरवणुकीत एखाद्या दुकानाची पाटी असेल. ती ज्या बाजूनं वाचता येईल ती खरी बाजू. त्या बाजूनं झेंडा कोणत्या हातात आहे ते बघा आणि मला कळवा. त्याला डाव्या हातानं जेवताना तुमच्याइतकं शेवटपर्यंत कोणीच पाहिलेलं नाही.

ता. क. तिसरा. झेंडा उजव्या हातात असला, तर मंजुळाबाईसाठी डाव्या हातात होता असं लिहा. खरं काय ते मला वेगळ्या कागदावर कळवा, असं आत्ता लिहिणार होतो. पण तुमची पत्रं तिला मीच वाचून दाखवतो आणि ती कागदाकडं नव्हे, माझ्या तोंडाकडं बघून ऐकते. खरं माहीत असून मला तिच्यापुढं खोटं वाचता यायचं नाही. म्हणून वेगळा कागद नको. मलाही डाव्याच हातात होता म्हणून लिहा.