पळून गेलेली आजी

तीर्थरूप दादास धाकटीचा नमस्कार.

मी ठीक आहे. खोली कोंदट आहे, पण चादरी स्वच्छ आहेत. थोडा खोकला आहे. वहिनीला सांगू नकोस, काढे सुचवत बसेल.

आजीची नोंद इथे कुठेच नाही. दप्तरातला कारकून म्हणाला, "बाई, तेव्हा बायकांची नावं कोण लिहितंय?" हळू बोलायचं, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलेलं मी साफ विसरले. मग त्याने आजी गेली त्या वर्षाची वर्तमानपत्रं काढून दिली.

आजी ज्या महिन्यात 'पळाली', त्याच महिन्यात गिरणीच्या चाळींत तापाची साथ होती. ताप आलेल्या बाईला गाडीत घालून गावाबाहेरच्या छपरांत नेत; तिथून परतणाऱ्या थोड्याच. धडधाकट मूल शेजारी सोडायचं, असा हुकूमच होता. आजाऱ्याजवळ कोणी गेल्याचं कळलं, की त्याच्याही दाराला कुलूप. मग आजोबा फिरतीवरून परतल्यावर, बाबा जिच्याकडे सापडले ती शेजारीण खरं कशाला सांगेल?

पुरावा नाही, मान्य. पळाल्याचा तरी कुठे होता? तरी बाबा जन्मभर "मला टाकून गेली" म्हणत राहिले, आणि तसेच गेले.

छपरांच्या जागी आता मोटारी लावतात. मी तिथे जरा उभी राहिले, तर पहारेकरी म्हणाला, "गाडी नसेल तर इथे थांबू नका."

तुझा गुडघा कसा आहे? लेकीला घरी यायला उशीर झाला की तू हसत म्हणतोस, "पणजीवर गेलीस." दादा, ते आजपासून बंद कर. आजीसाठी आपल्याला एवढंच करता येण्यासारखं उरलंय.

तुझी,
धाकटी