दादा पेशीत कुठे बसतो

ता. ९ जानेवारी

चि. भिंगरी हीस अनेक आशीर्वाद, आणि जवळजवळ तितकेच प्रश्न.

वि. वि. प्रवेश परीक्षा होईपर्यंत वसतिगृहाच्या बाईंनी सगळ्यांचे फोन कपाटात कोंडले, हे दादाकडून, म्हणजे तुझ्या बाबांकडून, कळलं. बाईंचं भलं होवो. तू जीवशास्त्र सोडून बाकी सगळं वाचतेस, म्हणून त्या विषयाच्या उजळणीची जबाबदारी तुझ्या आत्याने घेतली आहे. कुणी दिलेली नाही, घेतली आहे.

पद्धत माझी. पेशीचा एकेक भाग घ्यायचा आणि त्यावर एकेक नातेवाईक बसवायचा. तंतुकणिका म्हणजे तुझी आई. सगळ्या घराला ऊर्जा तिथून, आणि ती रुसली की अंधार. गॉल्गी पिंड म्हणजे तुझी मावशी: आलेली वस्तू बांधायची, नाव घालायचं, ज्याची त्याला रवाना करायची. लयकारिका जुनंपानं पचवून टाकते, म्हणून ती तुझी आजी, जिने मागच्या आठवड्यात चालू रेडिओ भंगारात दिला. आणि दादा म्हणजे रिक्तिका. वनस्पतिपेशीत ती मधोमध पसरते, बहुतेक सगळी जागा व्यापते आणि बाकीच्यांना भिंतीशी सारते. सुट्टीच्या दिवशी आपला सोफा आठव.

हे लिहिल्यावर मला वाईट वाटलं. शेवटी भाऊ आहे. पण पुस्तकातली आकृती पुन्हा पाहिली आणि आकृती माझ्याच बाजूने आहे.

इकडे रक्त-लघवी तपासणीच्या काउंटरवर नेहमीचंच. काल एक गृहस्थ जॅमच्या बरणीत नमुना घेऊन आले, लेबलासकट. संध्याकाळी येऊन मला विचारत होते की, पास झालो का. मी त्यांना सांगितलं की, रिपोर्ट काचेमागचे लोक करतात, मी नुसती कागदांना पिन मारते.

लोभ आहे. पाठांतर झाल्यास वाढेल.

तुझी आत्या

*

ता. २१ जानेवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार (पाठ दुखतेय, मनातल्या मनात घातला).

वि. वि. तुझ्या नेमणुका मला मान्य नाहीत. आजी लयकारिका कशी? आजी म्हणजे पेशीचं पटल. दारात खुर्ची टाकून बसायचं आणि कोण आत येणार, कोण बाहेर थांबणार, ते ठरवायचं. पेपरवाला आत, माझ्या मैत्रिणी बाहेर. लयकारिका तू आहेस. पुस्तकात तिला आत्मघाती पिशवी म्हटलंय. फुटली की स्वतःच्याच पेशीला पचवते. आता आठव, बँकेतून कुणाचं तरी पेन चुकून घरी आलं, तेव्हा तू स्वतःचे काय हाल केलेस.

बाबा रविवारी भेटायला आले होते. त्यांना मी त्यांची जागा सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं की, ती सगळ्यांत मोठी असते ना. हो म्हटल्यावर म्हणाले की मग काही हरकत नाही.

एक विचारते. मी पेशीवर अडले होते, आणि तू दुसऱ्या पाकिटातून मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून पाठवल्यास. वर तुझे गुणही कळवलेस. माझे विचारलेच नाहीस. आत्या, तू परीक्षेला बसतेयस का?

खरं सांगितलंस तर लोभ वाढवीन म्हणते.

तुझी भिंगरी

*

ता. २ फेब्रुवारी

चि. भिंगरी हीस आशीर्वाद, जरा चोरटे.

वि. वि. हो. बसतेय. तोच प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम, तेच कॉलेज, तीच प्रवेश परीक्षा. तुला आधी सांगायला हवं होतं.

इतकी वर्षं मी काचेच्या अलीकडे बसले. पलीकडे ती माणसं सूक्ष्मदर्शकात डोळा घालतात, आपसात हळू बोलतात, आणि मग माझ्याकडे कागद येतो. आत काय दिसलं, ते मी कधी पाहिलं नाही. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की, हा अभ्यासक्रम केलास तर उद्या आत घेते. वयाची अट पंचेचाळीसच्या आत. मी चव्वेचाळीस. म्हणजे हे एकच वर्ष.

जागा मात्र तीसच आहेत. माझ्यामुळे तुझी गेली तर? तू नको म्हणालीस तर मी बसणार नाही, आणि मनातही काही ठेवणार नाही. (हे शेवटचं खरं आहे का, यावर दोन दिवस विचार केला. ठेवीन थोडंसं.)

लोभ आहे तेवढा असू दे, जास्त मागायला तोंड नाही.

तुझी आत्या

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार, आणि कोपरापासून.

वि. वि. तुझ्यामुळे माझी जागा जावी इतकी तू हुशार आहेस, हे तुला कुणी सांगितलं? गेल्या प्रश्नपत्रिकेत तू एबी गटवाल्याला सगळ्यांना रक्त वाटायला लावलंस. अगं, तो सगळ्यांकडून घेतो आणि देतो फक्त आपल्याच गटाला. धाकट्या काकाला डोळ्यांपुढे आण, आयुष्यात विसरणार नाहीस.

मुकाट्याने बस. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये भेटलीस तर मला डबा आणलाय का विचारू नकोस, माझे मित्र असतील.

लोभ आहे, पण तिथे दाखवणार नाही.

भिंगरी

*

ता. ४ मे

चि. भिंगरी हीस आशीर्वाद.

वि. वि. तुझा फोन तुला परत मिळाला हे माहीत आहे. पण फोनवर तू ओरडशील आणि माझा मुद्दा राहून जाईल, म्हणून पत्र, दादाच्या हाती.

यादी तू पाहिली असशील. तिसांत मी अठ्ठाविसावी. प्रतीक्षा यादीत तू पहिली. मी फलकासमोर उभी राहून आधी खूश झाले आणि मग खाली तुझं नाव दिसलं. आधी खूश झाले, हे लक्षात घे. माझ्या आनंदात तुझा नंबर दुसरा लागला.

परवा कॉलेजच्या कार्यालयात जाऊन मी नाव मागे घेणार आहे. नोकरी आहे, काउंटर आहे, काही उपाशी मरत नाही. तुझं सगळं पुढे आहे. दादाला सांगितलं तर तो सोफ्यावर चक्क उठून बसला.

वाद घालू नकोस. लोभ मात्र कमी करू नकोस.

आत्या

*

ता. ६ मे

भिंगरे,

आशीर्वाद राहू देत. आज कार्यालयात गेले. अर्ज टेबलावर ठेवला. कारकुनाने तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की, प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी कालच येऊन स्वतःचं नाव खोडून गेली. कारण विचारलं तर म्हणाली की, उद्या एक बाई येतील, त्यांना विचारा.

म्हणजे मी जागा सोडली तर ती दुसऱ्या क्रमांकाच्या कुणा मुलाला जाणार. कारकुनाचा हात शिक्क्याकडे गेला. त्या मुलाचं भलं व्हावं असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी अर्ज ओढला. तो त्याने धरून ठेवला होता, त्यामुळे फाटला. त्याने शांतपणे विचारलं की, शिक्का कुठल्या अर्ध्यावर मारू. मी म्हटलं, कुठल्याच नाही. बाहेर पायरीवर येऊन बसले.

तू असं का केलंस? खरं सांग. मला दया नको.

आत्या

*

ता. ८ मे

ती. आत्यास नमस्कार, या वेळी खरोखर वाकून.

वि. वि. दया, आणि तुझ्यावर? तू अठ्ठाविसावी आलीस, मी एकतिसावी. दया आलीच तर तुला माझी यायला हवी.

आपल्या घराची एक खोड तुला माहीत आहे. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की कुणी हात लावत नाही. तू घे, तू घे करत सगळे झोपायला जातात, आणि सकाळी तो वाळलेला तुकडा कचऱ्यात जातो. तुझं पत्र वाचलं आणि कळलं की, आता या जागेचंही तेच होणार. मी तुझ्याआधी उठले, एवढंच.

खरं हवंय तर हे घे: मला ती जागा हवी होती. यादी पाहून मी रडले, आणि तुझा रागही आला. संध्याकाळपर्यंत होता. पण मी पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकते, त्याच्या पुढच्याही. माझ्याकडे वर्षं ढिगाने पडली आहेत. तुझ्याकडे हे एकच आहे.

तेव्हा काचेमागे जा आणि सगळं नीट शिकून ठेव. पुढच्या वर्षी मी आले की कॉलेजात तू माझी सीनिअर. तिथे मी तुला अहो-जाहो करणार आहे, आणि तू हसलीस तर याद राख.

लोभ आहेच. तो आता दुसऱ्या कुणाला देऊ करू नकोस, ठेवून घे.

तुझी
भिंगरी