ताईचा तुकडा

३ जून
झाले बाई एकदाची प्रयोगशाळेत रुजू! टेबल खिडकीपाशी, खुर्ची जरा कुरकुरणारी, आणि कोपऱ्यातल्या उबदार इन्क्युबेटरमध्ये माझी ताई. म्हणजे तिच्या पोटातल्या चरबीचा एक तुकडा. ऑपरेशनच्या वेळी तिनं तो इथल्या संशोधनाला देऊन टाकला. या चरबीनं जन्मभर माझा पिच्छा सोडला नाही, आता तुम्हीच हिला सांभाळा, असं डॉक्टरांना म्हणाली होती. ताई हिवाळ्यात गेली. तुकडा अजून जिवंत आहे.

लॅबच्या प्रमुख मॅडमनी आल्याआल्या नियम सांगितला की आपल्या माणसाच्या पेशींवर आपण काम करायचं नाही. मी नंदीबैलासारखी मान हलवली. बाटलीवर नुसता नंबर असतो. तो ताईनं मला सांगितला होता, हे त्यांना कुठे माहीत?

९ जून
लोकांना वाटतं, चरबी म्हणजे डब्यात भरून ठेवलेलं तेल. छे! ती रक्तात निरोप धाडते, भूक ठरवते, रुसतेसुद्धा. फुगून फुगून एखादी पेशी मरायला टेकली, की पहारेकरी पेशी तिच्याभोवती कडं करतात आणि तिला कुरतडू लागतात. त्या दाहापायी शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, साखर वाढते. ताईचं तेच झालं. आधी डोळे गेले, मग मूत्रपिंडं.

तिची लेक आता माझ्याकडे असते. तिचीही साखर चढायला लागलीय. ते कडं मोडणारं औषध मला पोरीसाठी हवंय. शोधनिबंध गेले खड्ड्यात.

१७ जून
पेशींना सीरम पाजावं लागतं, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी. साठा संपला, नवा येईना. ताईला काय उपाशी ठेवू? माझंच रक्त काढलं आणि त्याचं सीरम तिला घातलं. लॅबमधले काका ओरडले, स्वतःचं वापरायचं नसतं, पोरी. मी हसण्यावारी नेलं.

सकाळी मायक्रोस्कोपखाली एकही कडं नव्हतं! आनंदानं खुर्चीवरून पडायचंच बाकी राहिलं.

२८ जून
सगळ्या विचारतात, कसली बारीक झालीस गं, करतेस तरी काय? काही करत नाही. दोघींचं जेवते. तरी कपडे अंगावर लोंबतात, बसलं की हाडं टोचतात. तिकडे तुकडा दुप्पट झालाय. चरबीच्या पेशी अशा वाढत नाहीत, हे इथे येण्याआधी कॉलेजात मीच मुलांना शिकवत आले.

घाबरले. पण ताई पोटभर खातेय या विचारानं रडूच फुटलं. जन्मभर बिचारी पोटाला चिमटा काढून राहिली.

२ जुलै
रोज रक्त काढून काढून आज मला चक्कर आली. भाची म्हणाली, मावशी, आज माझं रक्त घे, आईसाठीच आहे ना.

घेतलं.

४ जुलै
पोर उठत नाही. गाल एका दिवसात बसले. सीरम बंद केलं, तरी वाळतेच आहे. डॉक्टरांना काही सापडत नाही. मला माहीत आहे ती कुठे जातेय. रक्तानं वाट उघडून दिली, आता ती मिटत नाही.

ब्लीच ओतलं की संपेल. मग ताईही—

५ जुलै
ब्लीच घेऊन गेले. आधी एकदा पाहिलं. कडी. जिकडेतिकडे कडी. तुकडा स्वतःलाच कुरतडून संपवतोय. माझं सीरम घातलं, तेही घेईना.

घरी आले तर पोर उठून बसलेली. भूक लागली म्हणाली.

लेकीची चव ओळखलीस ना, ताई? म्हणून उपाशी—

७ जुलै
रविवार दुपार. लॅबमध्ये कुणी नाही. सकाळी पोर छान जेवली. ताई आपणहून चाललीय. ती पुन्हा खायला लागली तर पोरीची वाट पुन्हा उघडेल. कळतं मला. सगळं कळतं.

एकच पेशी उरली—

एकदा जाऊ दिलं तुला. दुसऱ्यांदा नाही जमत गं. नाहीच जमत.

सुई टोचली. सीरमबिरम नाही, सरळ रक्तच. माझं घे, ताई. मी काही तुझी लेक नाही. मला खाल्लंस तर चालेल—

घेतलं! कडं सुटलं. पेशी फुगतेय. शेजारी दुसरी—

फोन वाजतोय. घरून.

परत वाजतोय.

थांब पोरी, एकच मिनिट, तुझी आई आत्ता कुठे खायला ला—