वाट पाहणाऱ्यांची नोंद

३ तारीख, सोमवार
निवृत्तीनंतर पुन्हा गळ्यात ओळखपत्र! भाचीने तिच्या कंपनीत मला चिकटवलं. ती डेटाबेस सर्व्हर सांभाळते. त्याचं काम नीट चाललंय ना, यावर नजर ठेवणाऱ्या सेटिंग्जची माहितीपुस्तिका मी सुधारायची. तिचा साहेब, म्हणजे टायवाला, मला आजी म्हणाला. मी त्याला बाळ म्हटलं. फिटंफाट. दारावरचा पहारेकरी मात्र सज्जन. बदली माणूस वेळेवर येत नाही, बिचारा ताटकळतो, तरी हसून दार उघडतो.

४ तारीख, मंगळवार
पुस्तिका कसली, शब्दांचा उकिरडा. त्यात ‘वाट पाहणाऱ्यांची नोंद’ अशी एक सेटिंग आहे. कोणती कामं रांगेत अडकून पडली आहेत, हे सर्व्हर तिच्यामुळे बघत राहतो. तिच्याखाली कुणीतरी लिहिलंय: चालू ठेवा. चालू ठेवा. कृपा करून बंद करू नका. कारणाचा पत्ता नाही! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने बोटांवर पट्टी हाणली असती. मी ते सगळं खोडून स्वच्छ लिहिलं: गरज नसल्यास बंद ठेवावी, सर्व्हरवरचा भार हलका होतो. भाचीने विचारलं, मावशी, नक्की ना? म्हटलं, पन्नाशीच्या आतल्यांनी मला लिहायला शिकवू नये.

६ तारीख, गुरुवार
मावशीने लिहिलंय म्हणजे बरोबरच, म्हणत भाचीने ती सेटिंग बंद केली. सर्व्हर सुसाट. टायवाल्याने चारचौघांत माझं कौतुक केलं.
पहारेकरी दिसला नाही. टायवाला म्हणाला, आजी, आपल्या दारावर कधीच कुणी नव्हतं. मग खुर्चीखाली त्याचा डबा कसा? हात लावून पाहिला. गरम होता.

७ तारीख, शुक्रवार
लिफ्टपाशी घोळका उभा होता. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तर कुणीच नाही. लिफ्ट तर अजून वरच होती. जमिनीवर एक छत्री. जिन्याने गेले असतील, भाची म्हणाली. मावशी, तुझा नंबर वाढलाय. चहाटळ कुठली.

१० तारीख, सोमवार
दुपारी भाचीबरोबर जेवायला जायचं होतं. टायवाल्याने एका स्वल्पविरामावरून मला अडकवून ठेवलं. ती खाली दाराशी माझ्यासाठी थांबली होती, पिवळ्या स्वेटरमध्ये. खिडकीतून हात केला. तिनेही केला. जिना उतरून गेले.
तिची पर्स होती. ती नव्हती.

११ तारीख, मंगळवार
टायवाला विचारतो, कोण भाची? हे टेबल रिकामंच असतं म्हणे. तिच्या कपात अजून तिचा अर्धा चहा आहे! बहीण गेल्यावर मी वाढवलंय तिला. तिच्या वेण्या घातल्यात या हातांनी.
पहारेकरी बदलीची वाट पाहत होता. ती माणसं लिफ्टची. ती — माझी.
सर्व्हरने त्यांच्याकडे बघणं सोडलं. मी सोडायला लावलं. एका स्वच्छ वाक्याने.
जन्मात कुणापुढे वाकले नाही. आज त्या पोराचे पाय धरले. बाळा, सेटिंग चालू कर. वैतागून म्हणाला, करतो, पण सर्व्हर पुन्हा सुरू व्हायला वेळ लागेल. बाहेर बसा, जरा थांबा.
थांबा!

त्याच दिवशी
बसणार नाही. फेऱ्या मारतेय. चालता चालता लिहितेय. मी कुणाची वाट पाहत नाहीये, मी काम करतेय, काम — जुनं वाक्य परत लिहितेय —

एकदाच दाराकडे पाहिलं. फक्त एकदा. एक मुलगी आली, माझ्या नाकावरचा चष्मा उचलला, कुणाचा राहिला म्हणाली —

ओरडले. वळली नाही.

अक्षरं दिसत नाहीत. चालू ठेवा. चालू ठेवा. कृपा करून —

दाराशी पिवळं काहीतरी. स्वेटर? हात करतेय — तीच! अगं ये, सावकाश ये, मी कुठे जात नाही, मी इथेच थांब