शेवटचे वीस किलोमीटर मी का धावले

जळगाव,
बुधवार, २२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
लताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (मनातल्या मनातच, सध्या मला वाकता येत नाही).

आधी माफी मागते. राखीपासून तुला पत्र नाही, आणि जे दोन फोन केले त्या दोन्हींत मी तुझ्याशी खोटं बोलले. त्याचं पुढे लिहिते. तुझा गुडघा कसा आहे? दाजींची रात्रपाळी संपली का? वरणगावला थंडी इथल्यापेक्षा जास्त असेल. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच रडतेस नाहीतर हसतेस, आणि दोन्ही वेळा माझं सांगायचं राहून जातं.

तर पहिली गोष्ट अशी की रविवारी सकाळी पुनाभाऊच्या घरून बेबावहिनीने तुला रडत रडत जे कळवलं, ते खरं नाही. मी घर सोडलेलं नाही. नवऱ्याने मला उपाशी ठेवलेलं नाही, हात तर भूपेंद्रने उभ्या आयुष्यात डासावरसुद्धा नीट उचललेला नाही. हनुवटीवरची जखम सोनगीरच्या पुढे एका खड्ड्यात पडून झाली, आणि त्या खड्ड्याशी आपल्या पाव्हण्यांचा काही संबंध नाही.

खरं असं आहे की मी शनिवारी सकाळी सहाला दोंडाईचाहून निघाले आणि रविवारी दुपारी बाराच्या आत मला पायी जळगावला, मेहरूण तलावाशी पोहोचायचं होतं. एकशे एकसष्ट किलोमीटर, तीस तास. (दोंडाईचा ते जळगाव एवढं अंतर नाही, हे दाजी लगेच म्हणतील. आयोजकांनी खेड्यापाड्यांतून वळसे घालून ते वाढवलं होतं.) ही शर्यत असते. तिच्यासाठी लोक पुण्या-नाशकाहून येतात. मी गेल्या वर्षीही उतरले होते आणि एकशे बाराव्या किलोमीटरला एका टेम्पोत बसून घरी आले. हे भूपेंद्रशिवाय कोणाला माहीत नाही. अर्धवट सोडलेल्या गोष्टीबद्दल सांगायचं काय, असं वाटून गप्प राहिले. मग पूर्ण झाल्यावरच सांगू असं ठरवलं. आणि त्या ठरवण्यातून सगळी खोटी निघाली. राखीला आले नाही, कॉलेजात काम आहे म्हणाले. भाऊबीजेला आले नाही, परीक्षेचे पेपर तपासायचेत म्हणाले. दोन्ही दिवशी मी शिरसोलीच्या रस्त्याने धावत होते. वजन नऊ किलोंनी उतरलं, तेव्हा फोटो पाठवणं बंद केलं. हे आता असं एका ओळीत लिहिल्यावर मलाच कळतंय की गावी त्याचा अर्थ काय लागला असेल.

रस्ता आधी धरणगावच्या बाजूने होता. दहा दिवस आधी तिकडे खोदकाम निघालं म्हणून आयोजकांनी तो बदलला, आणि नकाशा उघडून पाहते तर एकशे सत्ताविसावा किलोमीटर थेट आपल्या गावातून, आपल्या ओट्यासमोरून. मी हिशेब केला की तिथे पहाटेच पोहोचेन, टोपी खाली ओढेन आणि गाव जागं व्हायच्या आत निघून जाईन. शेहेचाळीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली बाई हा हिशेब करते आणि दूध डेअरी किती वाजता उघडते हे विसरते. पावणेसहाला जीवरामनाना डेअरीच्या पायरीवर कॅन घेऊन बसले होते. (माझी स्थितीही सांगते: तासाभरापूर्वी मी एका मैलाच्या दगडाला 'बसा ना' म्हणाले होते.) नानांनी टोपी पाहिली नाही, चेहरा पाहिला नाही. ते चालीवर गेले. आबांच्या लेकीची चाल आहे म्हणाले, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या घरातून पुनाभाऊ दात घासताघासताच बाहेर आला.

आता तू भाऊच्या जागी उभी राहा. सहा महिने न आलेली बहीण, पहाटेची, पायी, एकटी, लंगडत, हनुवटीवर रक्त सुकलेलं, गाल बसलेले, पाठीवर पिशवी. तो दोन पावलं पुढे आला आणि अगदी हळू म्हणाला, "काय व्हयनं माय? पाव्हना काही बोलनात का तुले?" मी शर्यतीचं सांगितलं. एकशे एकसष्ट किलोमीटर म्हणाले. त्याने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने त्याच्याकडे, आणि माझ्या लक्षात आलं की मारहाणीपेक्षा वाईट काहीतरी त्यांच्या मनात आलंय: हिचं डोकं फिरलं. कोणी पाठवलं, असं वहिनीने विचारलं. मी म्हणाले, कोणी नाही, हौस. छातीवर लावलेला चव्वेचाळीस नंबर पाहून तिने तोंडाला पदर लावला. मग चहा झाला, कोमट पाण्याने माझे पाय धुणं झालं (पायांची नखं पाहून ती पुन्हा रडली; तीन काळी आहेत, एक नाहीच), आणि लेक रिकाम्या ओटीने परत जाऊ नये म्हणून ओटी भरणं झालं. चाळीस मिनिटं गेली. पुढचे चौतीस किलोमीटर माझ्या पाठीवरच्या पिशवीत नारळ होता आणि तो प्रत्येक पावलाला मणक्यावर वाजत होता.

निघाले तर मागे मोटारसायकल. पुनाभाऊ. मी थांबले की तो थांबायचा. मी परत जा म्हणाले की तो पऱ्हाटीच्या शेताकडे पाहायचा. तीनदा सांगितलं की सोबत वाहन असलं तर मला बाद करतील. तो एवढंच म्हणाला, "एकटी जाऊ नको. मी शे मांगे." अक्का, मला त्याचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं रडू आलं, की त्यातलं कुठलं आधी करावं हे ठरेना, दोन्हींसाठी अंगात पाणीही शिल्लक नव्हतं. चौदा किलोमीटरला मला पावणेतीन तास लागले. एकशे एक्केचाळीसाव्या किलोमीटरच्या केंद्रावर लीलाधर सर म्हणून निवृत्त खेळशिक्षक आहेत, त्यांनी घड्याळ दाखवलं: सव्वानऊ. वीस किलोमीटर उरलेले, आणि मी चालत गेले तर दुपारचा एक वाजणार. मग भाऊच्या गाडीकडे बोट दाखवून शांतपणे सांगितलं की ही आणखी शंभर मीटर मागे आली तर तुमचं नाव खोडतो.

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं झालं. यंदा कारण मिळालं होतं. मी भाऊला म्हणणारच होते की चल, गाडीवर बसते. पण त्याने सरांचं बोलणं ऐकलं होतं. त्याने गाडीला किक मारली आणि म्हणाला, ठीक आहे, मी मागे येत नाही. पुढे जातो, तळ्यावर पाव्हण्यांना भेटतो, दोन शब्द बोलायचेच आहेत. आणि गेला.

सरांच्या फोनवरून मी भूपेंद्रला फोन लावला. (माझा फोन पहाटेच बंद पडला होता.) म्हणाले, भाऊ तिकडे येतोय, ऐक. तो म्हणाला, "भाऊ येतायत? वा. मग चहा सांगून ठेवतो." आणि ठेवला फोन.

अक्का, तेव्हापासून मी धावले. धड चालताही न येणारी मी वीस किलोमीटर धावले. पुस्तकांत श्वासाचं लिहितात, मीठ-पाण्याचं, मनाच्या ताकदीचं लिहितात. माझ्या डोक्यात फक्त एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसून भाऊला बिस्किटं पुढे करणारा भूपेंद्र होता, आणि समोर माझ्या खोट्यांच्या जोरावर त्याला जाब विचारणारा भाऊ. दर किलोमीटरला मी एक वाक्य तयार करत होते आणि पुढच्या किलोमीटरला ते खोडत होते. अकरा एक्कावन्नला पोहोचले. नऊ मिनिटं शिल्लक. पोहोचलेल्या एकोणीस जणांत सतरावी.

तर दोघं शेजारी शेजारी बसलेले. भूपेंद्रच्या मोबाईलवर माझा ठिपका सरकत होता (आयोजकांनी प्रत्येकाच्या पिशवीत त्यासाठी वेगळं यंत्र दिलं होतं) आणि पुनाभाऊ चष्मा कपाळावर चढवून दोन तास तो ठिपकाच पाहत होता. जाब विचारायचं राहूनच गेलं, कारण ठिपका मध्येच कुठे थांबला की त्याचा जीव वर यायचा. त्याने माझ्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली, पदक उलटसुलट करून पाहिलं आणि हे सगळं कशासाठी ते विचारलं, "हाई बठ्ठं कसाले वं?" मी म्हणाले, आधी बसू दे. काल कॉलेजात सत्कार झाला, तिथे शर्यत पूर्ण करायला काय लागतं असं विचारल्यावर मी मात्र जिद्द आणि सातत्य असं म्हणाले. टाळ्या पडल्या. तेव्हापासून ते मनाला खातंय, म्हणून हे पत्र.

दाजींना नमस्कार. सगळं ठीक आहे, अगदी खरंच ठीक आहे. कित्येक महिन्यांनी अशी झोप लागतेय.

तुझी,
लता

ता. क. पत्राचं खरं कारण: पुनाभाऊ अजून इथेच आहे. आज चौथा दिवस. मी भाकरी किती खाते ते मोजतो. भूपेंद्र संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावतो, ते पाहून भाऊला वाटतं की पाव्हण्यांना पश्चात्ताप झालाय, आणि आता त्यांना आणखी दोन दिवस धाक राहिलेला बरा. तू मोठी आहेस, तुझं तो ऐकतो. त्याला फोन करून घरी बोलाव. गव्हाला पाणी भरायचं आहे, काहीही सांग. (मी पुन्हा तुला खोटं बोलायला सांगतेय, हे लिहिल्यावर लक्षात आलं. मग गव्हाचं राहू दे.)

ता. क. २. मी पुन्हा कधी धावणार नाही, असं वर कुठे लिहिलंय का ते पाहिलं. नाही लिहिलेलं.

ता. क. ३. भाऊबीजेचा विषय रविवारी तळ्यावर निघालाच होता. भूपेंद्रने माझी बाजू राखायला परीक्षेचे पेपर होते असं ठोकून दिलं, आणि भाऊने ते मानलं. म्हणजे आता खोटं बोलणारे आम्ही दोघं झालो, आणि भाऊचा संशय मात्र त्याच्यावर, जो त्या दिवसापर्यंत कधी खोटं बोलला नव्हता.

उद्याचं काम, एकच: सकाळचा चहा पिताना पुनाभाऊला राखीचं आणि भाऊबीजेचं खरं सांगणे.