रेघेच्या आत

२ जानेवारी, बरकतपुरा

आले बाई एकदाची! काचीगुड्याला उतरले तेव्हा तीन बॅगा आणि आईने बळेच कोंबलेला मेतकुटाचा डबा, एवढाच माझा संसार. माडीवरची खोली फोटोत दिसली होती त्याहून मोठी निघाली. घरमालक एकनाथराव मूळचे उदगीरकडच्या शेतकरी घराण्यातले, पण दोन पिढ्या हैदराबादेत. वीज खात्यातून निवृत्त झालेत आणि स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसतात. पद्मावतीकाकूंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यासमोरचा मुग्गू, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, न मोडता आत यायला सांगितलं. मुलगा शिवराज कुकटपल्लीला राहतो, महिन्यातून एकदा येतो. त्यामुळे वरच्या खोलीत पुण्याची डॉक्टरीण आली याचा दोघांना कोण आनंद! काका म्हणाले, पुणेकर पाहुण्याला पाणी विचारतात की नाही ते आता कळेल. पहिल्याच दिवशी टिंगल. मला घर आवडलं.

६ जानेवारी

दवाखान्यात बस्तान बसलं. मेधा माझ्याहून सीनियर, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. आज एक चिमुरडी आली, ओठांभोवती मधासारख्या पिवळट खपल्या. आईने हळद आणि टूथपेस्ट दोन्ही लावून झालं होतं. खपल्या कोमट पाण्याने भिजवून अलगद काढायच्या, वर मलम लावायचं, टॉवेल वेगळा ठेवायचा, नखं कापायची, एवढं समजावलं. मग एक गृहस्थ आले, बरगडीवर एकाच बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा. नागीण. कुणीतरी त्यावर गेरू फासला होता आणि दोन टोकं जुळली की माणूस संपतो असं सांगून त्यांना पार घाबरवलं होतं. वेळेत आले होते, विषाणूवरच्या गोळ्या दिल्या. निघताना ते अँटिबायोटिकच मागत होते. विषाणूवर ते चालत नाही हे सांगता सांगता माझा घसा बसला. पण मजा येते. कातडी खोटं बोलत नाही, नीट बघितलं की सगळं सांगते.

११ जानेवारी

काल काकाकाकूंबरोबर नामपल्लीला नुमाईश, म्हणजे इथलं मोठं वार्षिक प्रदर्शन, बघायला गेले. गर्दी, धूळ, लोणच्यांचे स्टॉल, काश्मिरी शाली. काकूंनी माझ्यासाठी बांगड्या घेतल्या, पैसे देऊ केले तर रागावल्या. गर्दीत एका स्टॉलची लोखंडी पट्टी काकांच्या नडगीला लागली. खरचटलं तेवढंच, पण काकांना मधुमेह. घरी येऊन धुवा म्हटलं तर म्हणाले, आमच्या काळात त्यावर माती लावायचे.

१३ जानेवारी

पाय लाल झालाय. गरम, सुजलेला, हात लावला की काका ओठ चावतात. कातडीखालच्या थरात जंतू गेलेत, सेल्युलायटिस. मी ॲडमिट व्हा म्हटलं आणि काकांचा चेहराच उतरला. त्यांचे थोरले भाऊ असेच लाल पाय घेऊन गेले होते, परत आले ते पाय कापून. दवाखाना नक्को म्हणजे नक्को. काकू माझा हात धरून रडायला लागल्या.

शेवटी तडजोड केली. गोळ्या सुरू केल्या, पाय उशीवर उंच ठेवला, आणि जिथवर लाली आहे तिथे निळ्या पेनाने गोल रेघ मारली. आम्ही नेहमीच मारतो. लाली रेघेच्या बाहेर गेली की गोळ्यांना दाद देत नाही असं समजायचं आणि तडक हॉस्पिटल. काकांकडून शब्द घेतला. देवघराकडे हात करून म्हणाले, रेघ ओलांडली तर येतो, नाही ओलांडली तर कुणी दवाखान्याचं नाव काढायचं नाही. काकूंनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, म्हणजे बाहेर नाही गेली पाहिजे ना? मी म्हटलं, बस, तेवढंच बघायचं.

नंतर दोघी मिळून तिळगूळ केला. पाकाचा थेंब मनगटावर उडून चांगलाच चटका बसला.

१५ जानेवारी, संक्रांत

लाली रेघेच्या आत! दारात केवढा मुग्गू, सगळी गल्ली पतंगांनी भरलेली. रेघ जरा ठळक दिसली म्हणून विचारलं तर काकू म्हणाल्या, आंघोळीत पुसट होते, मी गिरवते. मी त्यांना शाबासकी दिली. असे नातेवाईक मिळाले तर आमचं काम अर्धं होईल म्हटलं. काकांची पट्टी मीच बदलली. हातमोजे वरच राहिले होते, घरातल्या घरात कोण जिना चढतो.

१७ जानेवारी

लाली आतच आहे. मग ताप का? दवाखान्यातून येईपर्यंत अंधारून येतं, काकू धोतर बाजूला करून रेघेपुरता पाय दाखवतात आणि लगेच झाकतात, काकांना थंडी वाजते म्हणून. आज काकांनी मला दोनदा शिवराज म्हटलं. मेधाला विचारलं, ती म्हणाली, रेघ बिघ सोड गौरी, माणूस बरळतोय ना, मग आण. मी खाली जाऊन तेच सांगितलं. काकूंनी शांतपणे विचारलं, रेघ ओलांडली का? नाही ना? मग शब्द म्हणजे शब्द.

मी वर निघून आले. का आले? माझीच रेघ होती म्हणून.

१८ जानेवारी



आज रविवार, सकाळी उजेडात धोतर पूर्ण बाजूला केलं. काकू नको नको म्हणत राहिल्या. रेघ मांडीवर होती. मी ती पोटरीवर मारली होती, गुडघ्याच्या खाली! गुडघा आत, मांडी आत, खाली काळसर फोड. दिवसातून चार-पाच वेळा, लाली रेघेला टेकली की काकू जुनी पुसायच्या आणि बोटभर वर नवी मारायच्या. लपवलंही नाही त्यांनी. म्हणाल्या, बाहेर जाऊ दिली नाही गं माय, एकदाबी नाही. ह्यांचा पाय कापू दिला नसता मी.

मी स्पिरिटने सगळी रेघ पुसून टाकली. मला ती बघवत नव्हती. काकू किंचाळल्या, बांध फोडला, हिने बांध फोडला! ॲम्ब्युलन्स बोलावली. शिवराज तिकडून परस्पर हॉस्पिटलला आला.

२० जानेवारी

काका गेले. विष रक्तात भिनलं होतं. सर्जन म्हणाले, आधी आणायला हवं होतं.  हसरा माणूस, माझ्या भरवशावर घरी राहिला. आणि मी रेघ बघत बसले, माणूस बघितलाच नाही.

२३ जानेवारी

खोली सोडायचं ठरवलं होतं, काकूंनी सोडू दिलं नाही. शिवराज त्यांना कुकटपल्लीला न्यायला आला, त्या गेल्या नाहीत. माझ्यावर राग नाही म्हणाल्या. उलट मला जवळ घेतलं. त्यांचं म्हणणं, रेघ होती तोवर ते होते. पुसली आणि गेले. हे इतक्या मायेने सांगतात!

मनगटावरचा चटका लाल झालाय. गरम आहे. मी पट्टी बदलली ते हात, तोच चटका... मूर्ख आहे मी. गोळ्या सुरू केल्या. सवयीने रेघही मारली. मेधाला फोन केला, ती म्हणाली उद्यापर्यंत उतार नाही पडला तर उचलून नेईन.

२४ जानेवारी

ताप. काकू कांजी घेऊन आल्या, उशाशी बसल्या. डोळा लागला. जागी झाले तर मनगटावर रेघ नाही.

कोपरावर आहे.

मी मारलेली नाही.

पुसायला स्पिरिट शोधलं, बाटली जागेवर नाही. फोनही नाही. काकू म्हणाल्या, खाली चार्जिंगला लावलाय. मी म्हटलं, आणून द्या. हौ म्हणाल्या आणि दाराला बाहेरून कडी घातली. वारा येतो म्हणे.

२५ असावी

दार ठोठावलं. उठवत नाही. काकू केसांवरून हात फिरवतात, म्हणतात, एकाला नेलं दवाखान्यानं, तुला नाही नेऊ देणार, पोरीसारखी तू. मी सांगितलं, मी डॉक्टर आहे, मला शिरेतून औषध लागेल, आत्ता. त्या म्हणाल्या, तूच सांगितलंस ना, बाहेर नाही गेली पाहिजे, बस, तेवढंच बघायचं.

दाराबाहेर मुग्गू काढल्याचा वास— पीठ— तीही रेघच, ओलांडून कुणी आत यायला नको—

दंडावर. निळी. नीट, गोल. किती काळजीने मारली आहे.

—

दिवस आहे. खाली मेधा. तिचाच आवाज! काकू सांगतायत, गौरी काल पुण्याला गेली, आईला बरं नाही म्हणून— खोटं— मी ओरडतेय, आवाज घशाच्या वर येत नाही— ताट ढकललं, गादीवर पडलं, वाजलंच नाही—

मेधा विचारते फोन बंद का. काकू चहा विचारतायत.

नको म्हणाली.

गेट वाजलं.

जिना चढतायत—

आरसा दाखवला मला. बघ, म्हणतात, आतच आहे. रेघ गळ्याशी आलीय, आता जराशी वर घ्यावी लागेल. त्यांच्या पेनातली शाई संपली. हसून हात पुढे केलाय, माझं पेन मागता—